तर्कभाषेतील विशेषनाम

विशेषनाम वस्तूचे वर्णन करीत नाही, केवळ तिचा निर्देश करते, असे तर्कशास्त्रज्ञ सांगतात. हे तत्त्व पायाशी धरून एखादी भाषाच रचली तर तिच्यात नावांची व्यवस्था कशी लागेल? अमेरिकेत जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये 'लॉगलॅन' ही तर्कभाषा रचावयास घेतली. तिच्यातूनच १९८७ मध्ये 'लोज्बान' निघाली व तिचे सविस्तर व्याकरण जॉन काउअन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील विशेषनामांचे प्रकरण मराठी वाचकाने अवश्य विचारात घ्यावे असे आहे.

या भाषेत गुलाबास 'रोझ्गु' म्हणतात. 'लो रोझ्गु' म्हणजे खरोखरीचे गुलाब. 'ला रोझ्गु' म्हणजे गुलाब नावाची कोणी व्यक्ती, मग तिच्या अंगी गुलाबाचा एकही गुण नसो. हा 'ला' आपल्या चतुर्थीचा नव्हे; तो नावाच्या आधी येतो. एवढ्या लहानशा शब्दाने संदिग्धता मिटते, हा या योजनेचा मोठाच गुण होय.

परक्या नावांशी मात्र ही भाषा कठोरपणे वागते. नाव व्यंजनान्त हवे व त्यापुढे विराम हवा, असा तिचा दंडक. 'मिरज' उच्चारात व्यंजनान्त असल्याने सुटते. सांगली व सातारा यांच्या शेवटी एखादे व्यंजन चिकटवावे लागते. लातूरच्या तर आरंभीच 'ला' आहे; १९९७ च्या नियमांप्रमाणे ते नाव जसेच्या तसे चालतच नाही. विभक्तीने नावास हात न लावणारी भाषा उंबरठ्यावरच त्याचे रूप पालटते, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

मराठीची रीत निराळी. ती नाव जसे असेल तसे आत घेते आणि मग त्यास सामान्यरूप देते: मिरजेस, मिरजेत, मिरजेचा तंबोरा. अलीकडे व्यक्तिनामांत 'सागराला' न म्हणता 'सागरला' म्हणतात, यावर शुद्धतेचे अभिमानी नाक मुरडतात. परंतु 'सागराला भरती आली' आणि 'सागरला ताप आला' यांत मराठीने जो भेद केला, तोच लोज्बान 'ला'ने करते. त्या प्रघातास भ्रष्ट म्हणणे अन्यायाचे होईल.

'मिरजमध्ये' या रूपास मात्र हे समर्थन लागू पडत नाही. 'लातूरचा', 'सोलापूरचा' ही रूपे रूढच आहेत. परंतु मिरज स्त्रीलिंगी, आणि मिरज नावाचा दुसरा कोणताही पदार्थ नाही. तेथे सामान्यरूप टाळल्याने कोणताच संशय फिटत नाही. गावाचे स्त्रीलिंग तेवढे मावळते. अशा नावांचे सामान्यरूप लिहिणाऱ्यांनी व बोलणाऱ्यांनी जपले पाहिजे.