झोपेची गोळी आणि जामखेडची पद्धती : एक परीक्षण

जामखेड हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील, बीड जिल्ह्याच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे आरंभिलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. १९७९ साली उभयतांना मॅगसायसाय पुरस्कार मिळाला आणि १९९४ साली त्यांचा जामखेडविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. तीत भर घालण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यातील पद्धती ज्या काळासाठी व ज्या रोगांसाठी घडली, त्यांच्याबाहेर नेली असता ती कितपत टिकते, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. त्यासाठी मुद्दामच एक अवघड उदाहरण घेतले आहे, ते म्हणजे वृद्धांची झोपेची गोळी कमी करण्याचे.

हे उदाहरण अवघड का, हे आधी पाहिले पाहिजे. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही एकाच बेंझोडायझेपिन कुळातील औषधे. या कुळातील पहिले औषध १९६० साली बाजारात आले व जुन्या बार्बिट्युरेटांच्या मानाने निर्धोक म्हणून त्याचे स्वागत झाले. वृद्ध शरीरात मात्र यांपैकी काही औषधे दीर्घकाळ रेंगाळतात; तोल जातो, स्मरण मंदावते, रात्री लघवीस उठलेला मनुष्य पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. अमेरिकेतील 'बिअर्स निकषां'च्या २०१२ सालच्या आवृत्तीने वृद्धांच्या निद्रानाशावर ही औषधे टाळावीत असे स्पष्टपणे सांगितले. परंतु घ्यावयाची नाही म्हणून गोळी एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते. क्वचित झटकेही येतात, म्हणून मात्रा अनेक आठवड्यांत पायरीपायरीने उतरवावी लागते. शिवाय गोळी कमी होताच काही रात्री झोप पूर्वीपेक्षाही अधिक मोडते. वैद्यकाच्या दृष्टीने हा औषध सुटण्याचा तात्पुरता परिणाम होय. रुग्णाच्या दृष्टीने मात्र जुना आजार परत आल्याचा तो पुरावा असतो. सारा प्रश्न या गैरसमजुतीपाशी येऊन अडतो.

या विषयावरील सर्वांत चर्चिलेला प्रयोग कॅनडातील मॉन्ट्रियल परिसरात झाला. डॉ. कॅरा टॅनेनबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाच्या ३० दुकानांतून ६५ वर्षांवरील ३०३ ग्राहक निवडले आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांना टपालाने एक पुस्तिका धाडली. तीत स्वतःचे ज्ञान तपासण्यासाठी प्रश्न आहेत, गोळीच्या धोक्यांची सोपी माहिती आहे, आणि पूर्ण, अर्धी व पाव गोळी चित्रांनी दाखवणारे उतरत्या मात्रेचे वेळापत्रक आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांनंतर पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी पूर्णपणे सोडली होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. आणखी ११ टक्क्यांनी मात्रा घटवली होती. केवळ एका छापील पुस्तिकेने एवढे साधावे ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि या यशाचे श्रेय पुस्तिकेच्या भाषेला देण्याची जी प्रथा पडली आहे, ती आम्हांस मान्य होत नाही. पुस्तिका वाचून ६२ टक्के लोक डॉक्टरकडे किंवा औषधविक्रेत्याकडे बोलावयास गेले, हा त्या निबंधातील खरा महत्त्वाचा आकडा होय. ज्यांना गोळी सोडता आली नाही त्यांच्या कारणांत 'डॉक्टरांनीच नको म्हटले' हे कारण ठळकपणे आढळते. पुढे २०१८ साली त्याच गटाने क्वेबेकमध्ये दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात औषधविक्रेत्याने रुग्णास पुस्तिका दिली आणि त्याच वेळी डॉक्टरासही लेखी मत कळवले. तेव्हा झोपेच्या गोळ्या सोडणाऱ्यांचे प्रमाण ४३ टक्क्यांवर गेले. तुलनेच्या गटात ते ९ टक्के राहिले. दोन्ही प्रयोगांची रचना भिन्न असल्यामुळे आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य नव्हे. परंतु कागदाच्या जोडीला माणसे आली की पारडे कोणीकडे झुकते, हे त्यावरून दिसते.

आता हीच पुस्तिका मराठीत आणून जामखेड तालुक्यातील एखाद्या वस्तीवर वाटली, असे समजू. पहिली अडचण औषधाच्या नावाची. आपल्याकडे एकच औषध कितीतरी व्यापारी नावांनी विकले जाते, आणि दुकानदार पाकिटाचा हवा तेवढा तुकडा कात्रीने कापून देतो. त्या तुकड्यावर नाव असेलच असे नाही. म्हाताऱ्या माणसाच्या लेखी ती 'डोकं शांत राहण्याची गोळी' असते. २०१४ पासून अमलात असलेल्या 'एच-१' अनुसूचीप्रमाणे विक्रेत्याने अशा अनेक औषधांची वेगळी नोंदवही, रुग्णाच्या व डॉक्टरच्या नावासह, ठेवावयाची असते. पण नोंदवही म्हणजे नियंत्रण. मॉन्ट्रियलच्या विक्रेत्याने केलेले समुपदेशन तीत येत नाही. दुसरी अडचण खुद्द झोपेची. शेतीपंपांना वीज पुष्कळदा रात्रपाळीने मिळत आल्यामुळे ज्याचा जन्म रात्री पाणी धरण्यात गेला, त्याची झोप मुळातच तुटक असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीला तरुण मंडळी निघून गेली की घरी उरतात ती म्हातारी माणसे व नातवंडे. 'रात्र खायला उठते' असे ती म्हणतात, त्यात निद्रानाशापेक्षा एकटेपण अधिक असते. झोपण्यापूर्वी चहा वर्ज्य करावा, दिवसा डुलकी घेऊ नये, ही सूत्रे चुकीची नाहीत. परंतु रिकाम्या घरावर त्यांचा इलाज चालत नाही.

येथे आरोळ्यांचा ग्रंथ उपयोगी पडतो, आणि तोही त्याच्या यशकथांपेक्षा एका अपयशाच्या वृत्तांतामुळे. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठवल्या. त्या तरुण होत्या, परक्या होत्या. गावाने त्यांना मानले नाही. मग गावानेच निवडलेल्या स्त्रिया, ज्यांतील पुष्कळशा निरक्षर आणि कित्येक दलित होत्या, आरोग्यसेविका झाल्या. या वृत्तांताचा अर्थ असा की, माहिती बरोबर असूनही ती सांगणारी व्यक्ती परकी असेल तर कार्यभाग होत नाही. गोळी अर्धी केल्यावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, जेव्हा वृद्धेचा धीर सुटतो, तेव्हा सकाळी तिच्या ओट्यावर येऊन बसणारी गावातील बाई जे करू शकेल, ते चित्रमय वेळापत्रक करू शकणार नाही.

परंतु ग्रंथाच्या मर्यादाही लपवू नयेत. वार्धक्य हा त्याचा विषय नव्हे. बालमृत्यू, बाळंतपण, कुष्ठरोग, क्षय यांच्याशी झुंजताना आरोग्यसेविका गावाला काहीतरी देत होती : लस, क्षारपाणी, आहाराचे ज्ञान, औषध. झोपेच्या गोळीच्या बाबतीत तिला काढून घ्यावयाचे आहे, आणि तेही डॉक्टरने लिहून दिलेले. डॉक्टराच्या मक्तेदारीवर या ग्रंथाचा रोख आहे हे खरे. तथापि एका डॉक्टरने लिहिलेल्या औषधाविषयी सेविकेने शंका घ्यावी कशी, घेतल्यास तिच्या पाठीशी कोण उभे राहील, याचे विवेचन त्यात सापडत नाही. हा दोष ग्रंथकर्त्यांचा म्हणण्यापेक्षा काळाचा म्हणावा. पण जामखेडची पद्धती सर्वत्र लागू पडते असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला हे उत्तर आहे. क्लोनाझेपामची तीच गोळी कोणी फेफऱ्यासाठी घेत असते. ती झोपेची समजून कमी केली तर अनर्थ ओढवेल. म्हणजे सेविकेला एकटीने निर्णय घेता येणार नाही, आणि डॉक्टराला एकट्याने तो निभावता येणार नाही.

यास्तव मराठी पुस्तिकेच्या भाषांतरास हात घालण्यापूर्वी तिचे शेवटचे पान प्रथम ठरवावे, असे आम्ही सुचवू. मूळ पुस्तिका वाचकाला डॉक्टर वा औषधविक्रेत्याकडे जावयास सांगून थांबते. मराठी पुस्तिकेच्या त्या पानावर कोणाचे नाव लिहिण्याजोगी जागा सोडावयाची, गावातील सेविकेचे, प्राथमिक आरोग्यकेंद्रातील डॉक्टराचे, की दोघांचेही, आणि डॉक्टराने उतरती मात्रा लिहून दिल्यावर दर आठवड्याला विचारपूस करावयास कोण येणार, हे निश्चित झाले नाही तर पहिल्या पानावरील प्रश्नावली कितीही सुबोध केली तरी उपयोगी पडणार नाही. गोळी अर्धी मोडण्याचे चित्रही बदलावे लागेल. अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी इतकी बारीक असते की कापणाऱ्या बोटांनी तिचे दोन सारखे भाग होणे कठीण. तिथे एक दिवसाआड घेण्याची घरगुती युक्ती रुग्ण स्वतःच काढतात, आणि ती योग्य की अयोग्य हे कोणीतरी त्यांना आधीच सांगितले पाहिजे.