आइस्क्रीम, फुटबॉल आणि पावणेतीन महिने : 'बीइंग मॉर्टल'विषयी

अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल' हे २०१४ सालचं पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. आम्हाला ते आवडतं, आणि आज त्याच्याशीच थोडं भांडायचं आहे.

त्यातला सगळ्यात नेमका प्रसंग सुसान ब्लॉक यांचा. बाई स्वतः पॅलिएटिव्ह केअरच्या तज्ज्ञ. वडील निवृत्त प्राध्यापक, मानेत मज्जारज्जूला गाठ. ऑपरेशन केलं तर हातपाय लुळे पडण्याची शक्यता २० टक्के, न केलं तर ते पडणारच. वडील म्हणाले, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला, तर जगायला माझी तयारी आहे. लेकीला हे उत्तर अजिबात अपेक्षित नव्हतं! ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करायची का हे काही मिनिटांत ठरवायचं होतं. तिने सर्जनना एवढंच विचारलं, की वाचले तर या दोन गोष्टी त्यांना करता येतील का? ते हो म्हणाले, आणि तिने होकार दिला.

इथे कशाला किती किंमत द्यायची हे रुग्णाने सांगितलं, आणि ते शक्य आहे का हे वैद्यकाने. दोघांनी एकमेकांचं काम केलं नाही. पुराव्यावर आधारित वैद्यक म्हणतात ते याहून वेगळं काही नाही.

पण पुढे गावंडे सोपी वाट धरतात. २०१० साली बोस्टनच्या एका रुग्णालयात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, ते मध्यकानुसार ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. पुस्तकाचा सूर असा लागतो, की जगण्याची धडपड सोडली की माणूस उलट जास्त जगतो. अहो, पण त्या अभ्यासात कर्करोगाचे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळत होते. उपचार सोडून काय होतं, हे तिथे तपासलेलंच नव्हतं.

आमची तक्रार फक्त आकड्याची नाही. आयुष्यही वाढतं असं सांगितलं, की रुग्णाचं म्हणणं ऐकायला कुणालाच काही मोजावं लागत नाही. आपल्याकडे तर 'बाबांना काही सांगू नका हं डॉक्टर' इथूनच सुरुवात होते आणि फॉर्मवर सही मुलगा करतो. त्या मुलाला हे पुस्तक दिलासा देईल. पण समजा, वडील म्हणाले, दोन महिने कमी मिळाले तरी चालतील, मला घरी न्या. ते दोन महिने खरोखरच कमी होणार असतील, तर त्याने काय करायचं? हा प्रसंग आम्ही पुस्तकात शोधत होतो.