पेटीत न मावणारे जेवण

अकलोलीची गरम पाण्याची कुंडे अनेक शिक्षकांनी सहलीच्या निमित्ताने पाहिली असतील. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरीच्या शेजारी हे गाव आहे. त्या परिसरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून मी गेले होते. ज्या प्रतिकृतीला पहिला क्रमांक मिळाला तिच्याविषयी हे टिपण आहे. त्या निकालावर माझीही सही आहे, तेव्हा टीका आधी माझ्यावरच आहे.

थर्मोकोलचा माणूस, त्याच्या छातीत काड्यापेटीएवढी पेटी, पेटीतून निघालेल्या लाल नळ्या आणि लुकलुकणारे दिवे. आठवीतल्या दोन मुली समजावून सांगत होत्या : ही पेटी रक्तातली साखर मोजेल, लागेल तेवढे पोषण रक्तात सोडेल, महिनाभर जेवायला नको. ‘‘आणि मॅडम, आईचा स्वयंपाक वाचेल,’’ त्यातली एक म्हणाली. हे वाक्य पाठ केलेले नव्हते. आम्ही कौतुक केले, गुण दिले आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. पेटीत काय आणि किती भरायचे, हे तिघांपैकी एकाही परीक्षकाने विचारले नाही.

ते आता विचारू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी लागतात असे धरू. साखरेच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९. म्हणजे पेटीत नुसते तेल भरले तरी दिवसाला सुमारे २२० ग्रॅम आणि महिन्याला साडेसहा किलोहून अधिक तेल लागेल. काड्यापेटीत पंचवीसेक ग्रॅम तेल मावते. ते अडीच तास पुरेल! शिवाय नुसत्या तेलावर शरीर चालत नाही. प्रथिने, क्षार, जीवनसत्त्वे आणि पाणी वेगळेच.

मुलींना ही कल्पना बहुधा इन्शुलिनच्या पंपावरून सुचली असावी. तसे पंप आहेत, पोटाच्या त्वचेखाली बसवायचेही बनले आहेत. पण दिवसाला ४० युनिट इन्शुलिन म्हणजे जेमतेम दीड मिलिग्रॅम. इन्शुलिन हा निरोप आहे आणि अन्न हा माल आहे. निरोप चिठ्ठीत मावतो, मालाला गाडी लागते. यंत्रे कितीही लहान झाली तरी या हिशेबात फरक पडत नाही.

मग शिरेतून माणूस जगवता येत नाही का? येतो. फिलाडेल्फियात स्टॅन्ली डुड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवली आणि नंतर आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीला त्याच पद्धतीने पोसले. यातली मुख्य अडचण होती पाण्याची. रक्ताशी जुळणारे ग्लुकोजचे द्रावण ५ टक्क्यांचे असते. त्यातून २००० किलोकॅलरी द्यायच्या तर दहा लिटरहून अधिक द्रावण चढवावे लागेल, आणि तेवढे पाणी शरीराला सोसणार नाही. द्रावण दाट केले तर हातातल्या बारीक शिरांचा दाह होतो. म्हणून नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात. तिथे रक्ताचा ओघ इतका मोठा असतो की दाट द्रावण लगेच पातळ होते.

हा ५ टक्क्यांचा आकडा वर्गात जरूर सांगावा, कारण तो आपल्या गावांतल्या एका जुन्या समजाशी भिडतो. अंगात ताकद नाही, अशक्तपणा आला, की ‘एक सलाईन लावा’ म्हणून दवाखान्यात जाणारी माणसे सर्वांनीच पाहिली आहेत. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे फार तर १०० किलोकॅलरी, साधारण एका पोळीइतक्या. मिठाच्या सलाईनमध्ये तर साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, एवढेच. उलट्या-जुलाबांनी कोरड्या पडलेल्या रुग्णाचा त्याने जीव वाचतो, हे खरे. पण भुकेने किंवा कष्टाने थकलेला मजूर दिवसाची मजुरी देऊन एक पोळी शिरेतून घेतो, तेव्हा त्याची फसवणूक होते. थर्मोकोलच्या माणसाला बक्षीस देताना आम्ही त्याच समजाला दिवे लावले, असे मला आता वाटते.

आतड्याला वगळण्याची किंमतही असते. दीर्घकाळ शिरेतून पोषण घेणाऱ्यांना नळीतून जंतुसंसर्ग होण्याचा धोका राहतो, यकृत बिघडू शकते, आणि वापरात नसलेल्या आतड्याचे अस्तर झिजते. आतडे म्हणजे नुसती नळी नव्हे. तेवढेच ग्लुकोज तोंडाने दिले तर शिरेतून दिल्यापेक्षा जास्त इन्शुलिन स्रवते, हे १९६४मध्येच दिसून आले होते. अन्न आल्याची वर्दी आतडे स्वतःच्या संप्रेरकांमार्फत स्वादुपिंडाला देते. अमेरिकेतल्या टॉम नावाच्या रुग्णाची अन्ननलिका लहानपणी भाजून बंद झाली होती. पोटाला पाडलेल्या छिद्रातून तो अन्न आत घाली, पण आधी ते तोंडात चावून घेई. त्याशिवाय त्याला जेवल्यासारखे वाटत नसे.

राहिले आईचे कष्ट. हा मुद्दा मी खोडणार नाही. त्या मुलीचे निरीक्षण अचूक आहे. मधल्या सुट्टीत त्याच शाळेत खिचडी वाढली गेली. १९९५मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा अनेक राज्यांत मुलांना महिन्याला ३ किलो धान्य घरी दिले जाई. ते घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यात जाई, आणि शिजवायचे काम आईकडेच राही. सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये शिजवलेले जेवण द्यायला सांगितले, त्यानंतर चित्र बदलले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण आहे. एका जेवणाचा स्वयंपाक त्या आईच्या घरून खरोखरच हलला. तो आता तुटपुंज्या मानधनावर दुसरी बाई करते, हेही प्रदर्शनात मांडण्यासारखे आहे, पण त्याची प्रतिकृती कोणी केलेली नव्हती.

परत आल्यावर मी वरचा हिशेब शाळेला लिहून पाठवला आणि मुलींनी तो फळ्यावर करून पाहावा असे सुचवले. पंधरा दिवसांनी त्यांचे उत्तर आले. गणित बरोबर होते, फक्त तेलाची घनता धरायची राहिली होती. खाली एक प्रश्न होता : पेटी छातीत मावत नसेल तर पाठीवर दप्तरासारखी घेतली तर?

त्यांना ठाऊक नव्हते, पण आतडे गमावलेले काही रुग्ण आज तेच करतात. पोषणद्रवाची पिशवी आणि लहानसा पंप ते पाठपिशवीत ठेवतात, छातीवरच्या नळीला जोडतात; बरेचजण रात्री झोपेत दहा-बारा तास हे काम उरकतात. पिशवी रोज नवी लागते, आणि नळी जोडण्यापूर्वी हात निर्जंतुक करावे लागतात. मी मुलींना तसे कळवले आहे.