स्पॅनिश पूर्ण वर्तमानकाळातील नकाराचे व क्रियाविशेषणाचे स्थान

स्पॅनिशमधील नकाराचे विवेचन पाठ्यपुस्तकांत बहुधा एका वाक्यात आटोपते : नकारवाचक ‘नो’ क्रियापदापूर्वी येतो. हा नियम चुकीचा नाही. परंतु ‘आबेर’ हे सहायक क्रियापद आणि कृदंत अशा दोन शब्दांनी सिद्ध होणाऱ्या पूर्ण वर्तमानकाळात ‘क्रियापद’ कशास म्हणावे, याचा उलगडा त्यातून होत नाही. ‘नो ए कोमीदो’ (मी जेवलेलो नाही) हे शुद्ध, तर ‘ए नो कोमीदो’ सर्वस्वी अशुद्ध. इंग्रजीत नकार सहायकानंतर येतो. त्या भाषेच्या द्वारे स्पॅनिश शिकणारा विद्यार्थी नेमका येथेच चुकतो.

या बंधनाचे मूळ इतिहासात शोधावे लागते. मध्ययुगीन कास्तीलियनमध्ये कृदंत कर्माच्या लिंगवचनानुसार बदलू शके आणि ते व सहायक यांच्यामध्ये इतर शब्दही येत. पुढे कृदंत अविकारी झाले. नेब्रिहाने १४९२ च्या व्याकरणात या अविकारी रूपास स्वतंत्र शब्दजातीचे स्थान दिले. मराठीत ‘मी चिठ्ठी वाचली आहे’ यातील कृदंत आजही कर्माशी जुळते; स्पॅनिशमध्ये ‘कार्ता’ (चिठ्ठी) स्त्रीलिंगी असूनही ‘ए लेईदो ला कार्ता’ असेच म्हणतात. दोन शब्द मिळून जणू एकच क्रियापद झाले. म्हणून नकार त्या संपूर्ण जोडीपूर्वी येतो. ‘नो लो ए बिस्तो’ (मी त्याला पाहिलेले नाही) यात ‘नो’ आणि सहायक यांच्यामध्ये येतो तो केवळ आघातहीन सर्वनामाचा ‘लो’.

क्रियाविशेषणास अधिक मोकळीक आहे. परंतु ती जोडीच्या बाहेर. ‘तोदाविया नो आ येगादो’ आणि ‘नो आ येगादो तोदाविया’ (तो अजून आलेला नाही) ही दोन्ही वाक्ये शुद्ध होत. ‘नुंका’ (कधीही नाही) आधी आल्यास ‘नो’ गळतो : ‘नुंका ए एस्तादो एन माद्रिद’. तो नंतर आल्यास ‘नो’ अपरिहार्य ठरतो : ‘नो ए एस्तादो नुंका एन माद्रिद’.

तथापि जोडीमध्ये कोणताही शब्द कधीच येत नाही, हे पाठ्यपुस्तकी विधान अतिव्याप्त आहे. पूर्ण भूतकाळातील ‘आबीआ या येगादो’ (तो आधीच आला होता) यासारखी रचना ग्रांथिक गद्यात आढळते. तात्पर्य, नकाराचा नियम अभंग आहे, क्रियाविशेषणाचा केवळ प्रबळ. हा भेद न सांगणारे अध्यापन विद्यार्थ्यास नियम देते, पण भाषेची जाण देत नाही.