पाणी ‘खर्च’ होत नाही, मग जातं कुठे?

जलविद्युत शिकवताना आपण वर्गात एक वाक्य हमखास सांगतो : ‘यात पाणी खर्च होत नाही.’ कोळसा जळून जातो, पाणी मात्र टर्बाइन फिरवून तसंच बाहेर पडतं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण तिथेच थांबलं, तर मुलांचा गैरसमज होतो असं आम्हाला वाटतं.

पुण्याजवळचंच उदाहरण घेऊ. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळेचं पाणी स्वभावतः पूर्वेला वाहतं : पुण्यात मुठेला भेटून भीमेत, पुढे उजनी, मग कर्नाटक, कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. पण मुळशीत अडवलेलं पाणी उलट पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. तिथून ते कुंडलिकेतून अरबी समुद्राकडे जातं.

असं का केलं? हिशेब नववी-दहावीच्या मुलांनाही जमेल. १ घनमीटर पाणी सुमारे ५०० मीटर खाली आलं, तर १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. १ युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे यंत्रातली घट सोडली तर जवळजवळ १.३६ युनिट. तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी, ५० मीटरवरून सोडलं, तर याचा दहावा हिस्सा. तेव्हा अभियंत्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. प्रश्न आहे तो गणितात काय धरलं नाही याचा.

धरणाच्या वरच्या बाजूला जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. खालच्या बाजूचा हिशेब पुढे लवादासमोर आला. कृष्णेच्या पाण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निर्णयात टाटा जलविद्युत प्रकल्पांना खोऱ्याबाहेर पाणी नेण्यावर मर्यादा घातली : एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग ५ वर्षांत २१२ टीएमसी. शिवाय हे पाणी महाराष्ट्राच्या वाट्यातूनच जायचं. पाणी खर्च होत नसेल, तर ते वाट्यात कशाला मोजायचं? कारण भीमाकाठच्या शेतकऱ्यापुरतं ते संपलेलंच असतं. कोकणात ते शेतीला, कारखान्यांना उपयोगी पडतं हेही खरं. पण म्हणून भीमेची वजाबाकी रद्द होत नाही.

नदी दोन देशांची असली की हाच प्रश्न आणखी अवघड होतो. काश्मीरमधल्या किशनगंगेचं पाणी भारताने बोगद्यातून झेलमच्या खोऱ्यात वळवलं. शेवटी ते पाकिस्तानातच जातं. तरीही मधल्या पात्राचं काय, यावर वाद झाला. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने पाणी वळवायला मान्यता दिली, पण नदीत सेकंदाला किमान ९ घनमीटर प्रवाह राखण्याची अट घातली. (ज्या १९६० च्या सिंधू कराराखाली हे घडलं, तो भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवला.)

म्हणून आमची सूचना साधी आहे. ‘पाणी खर्च होत नाही’ याच्या पुढे आणखी तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत : ते कुठे सोडलं? कधी सोडलं? आधी ते कुणाकडे जात होतं? मग मुलांना नकाशावर मुळशीपासून दोन्ही समुद्रांपर्यंत बोट फिरवायला सांगावं. ऊर्जेचा धडा आणि भूगोलाचा धडा वेगळ्या पुस्तकांत असले, तरी नदी एकच आहे.