प्रख्यात नायक आणि प्रेक्षकाची साक्ष

नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात भरताने प्रेक्षकाला जे स्थान दिले आहे, त्याकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रयोग सिद्धीस गेला की नाही हे ठरविताना तो प्रेक्षकांचे हसणे, त्यांचा साधुकार, त्यांची हळहळ आणि रोमांच यांची नोंद घेतो. आणि जेथे सभागृह भरलेले असूनही शब्द नाही, क्षोभ नाही, त्या स्तब्धतेला तो दैवी सिद्धी म्हणतो. सर्वांना एकच गोष्ट संतुष्ट करीत नाही हेही त्याने ओळखले आहे. तरुणांना शृंगार हवा, शूरांना युद्ध हवे, वृद्धांना पुराणकथा. वाद उपस्थित झालाच तर निर्णय देण्यासाठी तो जे प्राश्निक नेमतो, त्यांत यज्ञवेत्ता आणि छंदोवेत्ता यांच्याबरोबर अस्त्रवेत्ता आहे, चित्रकार आहे आणि वेश्याही आहे. ज्याला जे कळते त्याने त्याविषयी बोलावे, इतकी साधी ही व्यवस्था आहे.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे 'मॅड मॅक्स : फ्यूरी रोड' हा चित्रपट आणि त्याच्याविषयी प्रेक्षकांत झालेला मतभेद. जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने १९७९ साली 'मॅड मॅक्स' काढला; तत्पूर्वी तो वैद्यकीचा व्यवसाय करीत होता. १९८१ आणि १९८५ साली त्या मालिकेचे आणखी दोन भाग आले आणि नंतर तीस वर्षे ती बंद राहिली. २०१५ साली चौथा भाग आला तेव्हा दिग्दर्शक तोच होता. नट मात्र मेल गिब्सन नव्हे, तर टॉम हार्डी होता. संस्कृती कोसळून पडल्यानंतरचे वाळवंट, पाण्यावर मालकी सांगणारा इमॉर्टन जो हा गडपती, त्याच्या पाच बंदिस्त स्त्रियांना प्रचंड मालट्रकमध्ये लपवून पळवून नेणारी फ्युरिओसा ही त्याचीच एकहाती सेनानी, आणि या पलायनात अपघाताने ओढला गेलेला मॅक्स. ज्या हिरव्या प्रदेशाच्या आशेने ही माणसे धावतात, तो दलदल होऊन गेला आहे हे कळल्यावर ती मागे वळतात आणि सोडलेला गडच जिंकतात.

समीक्षकांनी या चित्रपटाची मनःपूर्वक स्तुती केली आणि २०१६ साली त्याला सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली. सामान्य प्रेक्षक मात्र दुभंगलेला होता. प्रदर्शनाच्या पहिल्या आठवडाअखेरीस अमेरिकेत तो महाविद्यालयीन गायिकांविषयीच्या एका विनोदी चित्रपटाच्या मागे, दुसऱ्या क्रमांकावर राहिला. प्रेक्षकांचे आक्षेप मुख्यतः दोन होते. एक, यात कथाच नाही. जाणे आणि परत येणे एवढेच आहे. दुसरा आक्षेप जुन्या चाहत्यांचा : नाव मॅक्सचे, पण चित्रपट फ्युरिओसाचा, नायकाला त्याच्याच घरात पाहुणा करून टाकले आहे. हे आक्षेप असंस्कृत मनाचे म्हणून बाजूस सारण्याची समीक्षकांची रीत आहे. मला ती मान्य नाही. प्रेक्षकाने आपल्या अनुभवाची दिलेली ही साक्ष आहे, आणि साक्ष तपासावयाची असते, हसण्यावारी न्यावयाची नसते.

दुसऱ्या आक्षेपापासून प्रारंभ करू. रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगताना अभिनवगुप्ताने पहिले विघ्न सांगितले आहे ते संभावनाविरहाचे. जे घडते आहे ते संभवनीयच वाटले नाही, तर प्रेक्षकाचे चित्त त्यात प्रवेश करणार नाही. मग समुद्रलंघनासारखी लोकोत्तर कृत्ये रंगभूमीवर आणावयाची कशी? त्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. अशा ठिकाणी रामादिकांची प्रख्यात नावे घ्यावीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रसिद्धीने प्रेक्षकाच्या मनात जो विश्वास रुजलेला असतो, तो अद्भुतालाही पेलून धरतो. नायकाचे प्रख्यात नाव हे असे विश्वासाचे साधन आहे. जुन्या मालिकांचे पुनरुज्जीवन करणारे निर्माते अभिनवगुप्त वाचत नसतील. पण तीस वर्षांपूर्वीचे नाव ते पुन्हा उच्चारतात ते याच भांडवलासाठी.

अडचण अशी, की प्रख्यात नाव घेतले की त्या नावाचे देणेही अंगावर येते. प्रेक्षक विश्वास देतो आणि त्याच्या मोबदल्यात आपली स्मृती शाबूत मागतो. आपल्याकडे एखादे संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर आले, की जुना रसिक नव्या नटाच्या गळ्यात जुना गळा शोधू लागतो, त्यातलाच हा प्रकार. फ्यूरी रोडमध्ये तर प्रारंभीचा बराच काळ मॅक्सच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे आणि शत्रूच्या मोटारीच्या पुढच्या टोकाला त्याला बांधलेले आहे. त्याच्या अंगातले रक्त नळीवाटे एका आजारी सैनिकाला दिले जात आहे. नायकाची याहून मोठी विटंबना कोणती?

परंतु जुन्या चाहत्याची ही स्मृती तपासून पाहिली तर काय आढळते? १९८१ च्या चित्रपटात मॅक्स अगदी मोजके बोलतो. अखेरच्या पाठलागात तो जो टँकर जिवावर उदार होऊन हाकतो त्यात तेल नसून वाळू भरलेली आहे. त्याला हुलकावणीसाठी वापरलेले आहे आणि ते त्याला ठाऊकही नाही. त्याची कथा सांगणारा आवाज एका रानटी मुलाचा, तो मुलगा वृद्ध झाल्यानंतरचा. १९८५ च्या भागातही त्याची आठवण जागविणारी दुसरीच माणसे आहेत, आणि तो स्वतः वाळवंटात मागे राहिला आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या इतिहासाच्या कडेने चालत जाणारा माणूस हेच मॅक्सचे जुने रूप होय. मध्यवर्ती, विजयी, गाजणारा मॅक्स तीस वर्षांत प्रेक्षकांच्या मनात वाढला. चित्रपटांत तो तसा नव्हता. जुन्या प्रेक्षकाला जे खुपले ते खरेच खुपले, यात शंका नाही. मात्र त्याची तक्रार मिलरविरुद्ध नसून आपल्याच स्मृतीने रचलेल्या एका चौथ्या चित्रपटाविरुद्ध आहे.

आता पहिला आक्षेप. 'कथाच नाही' या म्हणण्याला चित्रपटाच्या कैवाऱ्यांनी जे उत्तर दिले ते आक्षेपाहून दुबळे आहे. त्यांचे म्हणणे असे, की कथा हवीच कशाला? हा शुद्ध गतीचा अनुभव आहे, दृश्यांचे संगीत आहे, ते भोगावे. या उत्तराने आक्षेप मान्यच केला जातो. वस्तुतः येथे कथा आहे, आणि ती चांगली घट्ट आहे. फक्त ती संवादांत ठेवलेली नसून वस्तूंच्या देवघेवीत ठेवलेली आहे. दलदलीतल्या रात्रीचा प्रसंग घ्या. मागून शत्रूचा प्रकाशझोत जवळ येत आहे. मॅक्सच्या हाती लांब पल्ल्याची बंदूक आहे. तो दोनदा झाडतो, दोनदा नेम चुकतो. आता एकच गोळी उरली आहे. फ्युरिओसा मागे येऊन उभी राहते. तो तिच्याकडे पाहतही नाही, बंदूक तिच्या हाती देतो. ती ती त्याच्या खांद्यावर टेकवते, त्याला श्वास रोखावयास सांगते आणि दिवा फोडते. याच माणसाने काही तासांपूर्वी गाडीतली सगळी शस्त्रे गोळा करून आपल्यापाशी ठेवली होती. अविश्वासापासून विश्वासापर्यंतचा हा प्रवास नाटककाराने दोन पृष्ठांच्या संवादात मांडला असता, आणि आपण त्याला 'स्वभावपरिपोष' म्हटले असते.

लगेच पुढे जे घडते ते तर अधिकच विचार करण्याजोगे आहे. मॅक्स एकटाच धुक्यात शत्रूवर चालून जातो. आपल्याला दूरवर एक स्फोट दिसतो. मग तो दारूगोळा आणि स्टिअरिंगचे चाक घेऊन परत येतो आणि तोंडावरचे रक्त दुधाने धुतो. ते रक्त त्याचे नव्हे. केवळ मारधाड म्हणून ज्याची संभावना झाली त्या चित्रपटाने आपली सर्वांत मोठी मारधाड पडद्यावर दाखविलीच नाही! आणि शेवटी, ज्या रक्ताची प्रारंभी चोरी झाली तेच रक्त तो मरणोन्मुख फ्युरिओसाला आपल्या हाताने देतो, आणि विचारले असता पूर्वी न सांगितलेले आपले नाव त्याच वेळी सांगतो. प्रख्यात नाव पुन्हा मिळविण्यासाठी नायकाला एवढे अंतर तोडावे लागते. यालाही कथा म्हणावयाचे नसेल, तर कथा या शब्दाचा अर्थ आपण फार संकुचित करून ठेवला आहे.

ही कथा पुष्कळांना दिसली नाही याचे कारण तिचा वेग. सुमारे ४८० तासांच्या चित्रणातून मार्गारेट सिक्सेल या संकलिकेने दोन तासांचा हा चित्रपट घडविला. त्यात सुमारे २७०० तुकडे आहेत. मारधाडीचा चित्रपट तिने पूर्वी कधी संकलित केला नव्हता. एवढ्या तुकड्यांतही डोळा भांबावत नाही, कारण छायालेखक जॉन सील याने पाहावयाची वस्तू बहुतेक प्रत्येक चौकटीच्या मध्यभागी ठेवली आहे. डोळ्याला शोध घ्यावा लागत नाही. पण मनाला मात्र मागे पडल्यासारखे होते. अभिनवगुप्ताच्या यादीतील स्फुटत्वाचा अभाव हे विघ्न येथे डोळ्याच्या पातळीवर दूर झाले आहे, अर्थाच्या पातळीवर सर्वांसाठी झालेले नाही. आक्षेपकांच्या बाजूने म्हणावयाचे ते एवढेच, पण ते थोडे नव्हे. मला आणखी एक उणीव जाणवते. जोच्या मरणोत्सुक सैनिकांचा धर्म, ओठांवर चंदेरी रंग फवारून सोबत्यांना साक्षीदार व्हा म्हणून घातलेली ती साद, हे जितक्या समृद्धपणे रेखाटले आहे, तितक्या त्या पाच स्त्रिया वेगवेगळ्या होत नाहीत. मॅक्सला छळणारी मृत बालिकेची क्षणचित्रेही उपरी वाटतात.

'यातले सगळे खरे आहे, संगणकाचे नाही' म्हणून ज्यांनी चित्रपट उचलून धरला त्यांच्या मताचाही विचार केला पाहिजे. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या मोटारी धावल्या आणि उंच काठ्यांवर खरी माणसे झुलली हे सत्य आहे. पण फ्युरिओसाचा तुटका हात, ते वादळ, आकाशाचा रंग हे संगणकाचेच काम. अशी संस्कारित दृश्ये सुमारे २००० आहेत. दलदलीतली ती रात्रसुद्धा दिवसाच चित्रित करून निळी केलेली आहे. तेव्हा प्रेक्षकाने 'खरे' हा शब्द वापरला तो निर्मितीच्या तंत्राविषयी नव्हे. वजन असलेली वस्तू आपटली तर जशी आपटेल तशी ती आपटली, एवढेच त्याला सांगावयाचे होते. प्रख्यात नावाचा आधार ज्या तरुण प्रेक्षकाला नव्हता, त्याच्यासाठी संभावनेचे काम या वजनाने केले. भरताचा अस्त्रवेत्ता प्राश्निक आठवतो तो येथे.

राहिला स्त्रियांच्या मुक्तीचा वाद. चित्रपट पाहण्यापूर्वीच त्यावर बहिष्कार घालावा अशी हाक २०१५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील एका पुरुषपक्षीय लेखकाने दिली होती. न पाहता दिलेल्या मताची दखल समीक्षेने घेण्याचे कारण नाही. काही स्त्रीवादी लेखिकांचा आक्षेप मात्र वजनदार आहे : पुरुषांचीच हिंसा स्त्रियांच्या हाती दिल्याने मुक्ती कशी होते? चित्रपटाला हा प्रश्न ठाऊक आहे. बंदुकीच्या गोळीला त्यातली एक स्त्री बीजाच्या उलट असलेले बीज समजते, पेरले की मरण उगवणारे. जी म्हातारी अचूक नेमबाज आहे तिच्याच पिशवीत जपून ठेवलेल्या बिया आहेत, आणि ती मरते तेव्हा पिशवी तरुण स्त्रीच्या हाती जाते. परंतु तीच तरुण स्त्री गडावर पोहोचते ती गोळ्यांच्याच बळावर. प्रश्न मांडलेला आहे, सोडविलेला नाही. आणि तो सोडविल्याचा आव चित्रपटाने आणलेला नाही.

२०२४ साली मिलरने 'फ्युरिओसा' काढला. त्यात कथा नाही असे कोणालाही म्हणता येण्यासारखे नव्हते. नायिकेच्या बालपणापासूनची अनेक वर्षे, प्रकरणांत विभागून, कारणांसह सांगितलेली आहेत. प्रेक्षक मात्र फ्यूरी रोडला आला होता त्याहून पुष्कळ कमी आला, आणि जे आले त्यांतील अनेकांनी, ज्याचे कोडे राहिले होते ते उलगडून सांगितल्याने लहान झाले, अशी तक्रार केली. मॅक्सचे नाव त्या चित्रपटाच्या उपशीर्षकात आहे. तो स्वतः एकदाच, क्षणभर, दूरच्या कड्यावर आपल्या मोटारीजवळ उभा दिसतो. खाली वाळवंटात फ्युरिओसा जखमी होऊन सरपटत आहे, आणि तो पाहत आहे.