बर्लिनची धडक आणि फातोर्ड्याची संध्याकाळ

लुडविग्सहाफेनमध्ये राहणाऱ्या माणसाला फुटबॉलविषयी मत असावंच लागतं. कारखान्याच्या कँटीनमध्ये सोमवारी क्रिकेटवर बोलायला कुणी मिळत नाही, आणि आमच्या टेबलावर तर दोन इटालियन. त्यातला एक लेच्चे गावचा. मार्को मातेराझी १९७३ साली जन्मला तेही लेच्चेतच, त्यामुळे या नावावरून आमचे वाद बरीच वर्षं चालले. सुरुवातीला माझी बाजू चुकीची होती, हे आधीच सांगून टाकतो.

२००६ साली वर्ल्डकपच्या निमित्ताने आपल्या या कोपऱ्यालाही जाग आली होती. २६ जूनला कायझर्सलाउटर्नमध्ये इटली-ऑस्ट्रेलिया सामना होता. तिकीट मिळालं नव्हतं, तरी मुलाला घेऊन मी एस-बानने गेलो आणि गावातल्या पडद्यासमोर उभा राहिलो. पन्नासाव्या मिनिटाला मातेराझीला लाल कार्ड मिळालं. मुलगा तेव्हा इथल्या क्लबच्या लहान गटात बचावाला खेळत असे. त्याला म्हटलं, "असं खेळायचं नाही." पुढे ९ जुलैला बर्लिनची अंतिम लढत झाली. झिदानने डोक्याने मातेराझीच्या छातीवर धडक दिली, आणि त्यानंतर काही इंग्रजी वृत्तपत्रांनी मातेराझीच्या तोंडी वंशद्वेषाचे शब्द घातले. मी ते ताबडतोब खरं मानलं. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना अशा बातमीला पुरावा लागत नाही. ट्राममधले एकदोन अनुभव पुरतात. मुलालाही मी तसंच सांगितलं. पुढे त्या वृत्तपत्रांना माफी मागावी लागली, नुकसानभरपाई द्यावी लागली. झिदानच्या बहिणीविषयी आपण गलिच्छ बोललो, हे मातेराझीने स्वतः कबूल केलं होतं. ते वाईटच. पण वंशद्वेषाचा आरोप खोटा होता, आणि ही दुरुस्ती मी मुलाला कित्येक वर्षं सांगितली नाही.

त्या सामन्याचा हिशोब मांडला तर गंमत दिसते. फ्रान्सला पेनल्टी मिळाली ती मातेराझीच्या चुकीमुळे, इटलीची बरोबरी झाली ती त्याच्याच हेडरने, आणि शूटआउटमध्येही त्याने गोल केला. त्याआधी पेरूजाकडून खेळताना २०००-०१ च्या एका मोसमात या बचावपटूने १२ गोल केले होते. पण लोकांना आठवते ती धडकच.

वडील जुझेप्पे स्वतः प्रशिक्षक, तेव्हा मुलगाही त्या वाटेला जाणार हे उघड होतं. वाट चेन्नईतून जाईल असं मात्र कुणाला वाटलं नसेल. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मातेराझी चेन्नईयिन एफसीचा खेळाडू-प्रशिक्षक झाला. "पेन्शनीची सोय," असं आमचा लेच्चेवाला हसून म्हणाला. मीही हसलो. पहिल्याच वर्षी संघ साखळीत पहिला आला आणि उपांत्य फेरीत केरळकडून हरला.

मला महत्त्वाचं वाटतं ते २०१५. एका टप्प्यावर चेन्नईयिन तक्त्याच्या तळाला होता. तिथून साखळीतले शेवटचे चारही सामने जिंकून तो उपांत्य फेरीत पोचला. तेवढ्यात चेन्नईत महापूर आला आणि १२ डिसेंबरचा घरचा सामना पुण्याला, बालेवाडीत हलवावा लागला. धाकटा भाऊ तिथून जवळच राहतो. तो गेला होता. चेन्नईयिनने गतविजेत्या कोलकात्याला ३-० असं हरवलं. घर पाण्याखाली, मैदान परकं आणि खेळ असा!

२० डिसेंबरला अंतिम सामना मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर झाला. आमच्या सौ.चं माहेर मडगावचं, त्यामुळे घरात सगळे एफसी गोवाच्या बाजूने. गोव्याचा प्रशिक्षक होता साक्षात झिको. इथे दुपारचे अडीच वाजले होते, अॅडव्हेंटचा चौथा रविवार, टेबलावर चार मेणबत्त्या, आणि सगळे लॅपटॉपभोवती. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने गोवा २-१ असा पुढे गेला. सौ.ने मडगावला फोन लावलासुद्धा. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमणीच्या हातून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, आणि जादा वेळेत मेंडोझाने तिसरा गोल केला. ३-२. फोन तसाच चालू होता, दोन्हीकडे कुणी बोलत नव्हतं.

आता माझं मत. गोलरक्षकाची चूक हे नशीबच. त्याचं श्रेय प्रशिक्षकाला देता येत नाही. पण तीन मिनिटं उरली असताना मागे पडलेला संघ पुन्हा पुढे धावतो ते नशिबाने नव्हे. बर्लिनला स्वतःच्या चुकीनंतर बारा मिनिटांत गोल फेडणाऱ्या माणसाचं ते शिकवणं होतं, असं मला वाटतं. मेंडोझाने त्या मोसमात १३ गोल केले, म्हणजे हाताशी माणूसही तसा होता.

तरीही त्याला मोठा प्रशिक्षक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हाची लीग आठ संघांची, जेमतेम अडीच महिन्यांची. एवढ्या अवधीत इर्षा पेटवणारा माणूस पुरतो. संघ घडवणाऱ्याची कसोटी लागतच नाही. २०१६ मध्ये गतविजेता चेन्नईयिन सातवा आला. नवं संकट नव्हतं, आणि संकटाशिवाय काय करायचं ते मातेराझीला उमगलं नसावं. २०१७ साली तो गेला. पुढच्या मोसमापासून लीग लांबली, आणि जॉन ग्रेगरी या इंग्रज प्रशिक्षकाने चेन्नईयिनला पुन्हा विजेतेपद मिळवून दिलं. मातेराझी त्यानंतर मोठ्या क्लबच्या बाकावर दिसला नाही.

हे सगळं मी कँटीनमध्ये मांडलं तेव्हा लेच्चेवाला म्हणाला, "तीन वर्षांत एक कप. आमच्याकडे यावर मूर्ती उभारतात." मुलगा आता मोठा झाला आहे, मॅनहाइमला नोकरी करतो. ती राहून गेलेली दुरुस्ती मी त्याला फातोर्ड्याच्या सामन्यानंतर मेणबत्त्या विझवताना सांगितली. तो म्हणाला, "बाबा, ते मला शाळेतच कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होतो."